विकतचे पोपट

मला शिवता येतं. एवढं साधं वाक्य, पण आजवर ते मी कोणासमोर उच्चारलेलं नाही. माझ्या बायकोला हे माहीत नाही, मुलांना माहीत नाही. शर्टाचं बटण तुटलं की मी ते खिशात घालून डांगे चौकातल्या अल्टरवाल्याकडे जातो आणि त्याच्या टपरीसमोर उभा राहून त्याचे हात बघतो. तो घाईत असतो. बटण कापडाला घट्ट चिकटवून टाकतो, खाली दोऱ्याची मान ठेवत नाही, त्यामुळे काज ओढला जातो आणि बटण पुन्हा सैल होतं. मला ते दिसत असतं. माझा डावा हात खिशातल्या खिशात वळवळतो. मग तो शर्ट झटकून देतो आणि म्हणतो, “घ्या काका, एकदम फिट,” आणि मी मान हलवून घरी येतो.

यात लपवण्यासारखं काय, असं कोणीही विचारेल. शिंपी तर पुरुषच असतात. पण शिंप्याचा तो धंदा असतो, त्याच्या पुढ्यात मशीन असतं, गळ्यात टेप असते. मी जमिनीवर मांडी घालून, आईच्या समोर बसून पोपट आणि हत्ती शिवायचो. आमच्या वस्तीत तेव्हा मुलगे कंपनीत लागायचे किंवा कंपनीत लागण्याची वाट बघत नाक्यावर उभे राहायचे. पोपट शिवणारा मी एकटाच असेन.

थेरगावात आमच्या दोन खोल्या होत्या, पत्र्याच्या, एका लांब ओळीतल्या. वडील, म्हणजे आमचे बाबा, तळवड्याला एका लहानशा वर्कशॉपमध्ये प्रेसवर होते. तिथं फेल्टचे वॉशर निघायचे. फेल्ट म्हणजे दाबून दाबून जाड केलेली लोकर. मशीनच्या फिरत्या दांड्याभोवती त्याचं कडं बसवलं की तेल गळत नाही. प्रेसवर ही कडी कापून झाली की उरायच्या त्या गोल गोल भोकांच्या पट्ट्या. त्या भंगारात जायच्या आधी बाबा मालकाला विचारून पिशवीभर घरी आणायचे. सुरुवातीला आईनं त्यांची भांडी उतरवायची फडकी केली. मग एकदा पोळ्याच्या आदल्या दिवशी मी बैलांसाठी हट्ट धरला. मातीचे बैल चौकात मिळायचे, पण तोवर संपले होते. आई लातूरकडची. तिच्या माहेरी दावणीला खरे बैल होते, त्यामुळे पोळा तिला चुकवणं शक्य नव्हतं. तिनं पट्टी उचलली, कात्रीनं दोन सारख्या आकृत्या कापल्या, मध्ये कापूस भरला आणि कडेनं शिवत गेली. पट्टीतलं भोक बरोबर डोळ्याच्या जागी आलं होतं. “बग,” ती म्हणाली, “कंपनीचा बैल हाय ह्यो. चारा मागत नाई, तेल पितो.”

तिथून ते सुरू झालं. आमच्या घरातल्या सगळ्या प्राण्यांचे डोळे म्हणजे वॉशरची भोकं. गणपतीला फेल्टची झालर, गौरींच्या मागं फेल्टचा मोर, दिवाळीला किल्ल्यावर फेल्टचे मावळे, संक्रांतीला हळदीकुंकवाच्या वाणासाठी बटवे. पांढरं फेल्ट आलं की आई ते पातेल्यात रंगाची पुडी आणि मीठ टाकून उकळायची. उकळत्या लोकरीला ओल्या मेंढराचा वास येतो आणि तो घरात दोन-तीन दिवस राहतो. शेजारच्या रुक्साना भाभी भिंतीपलीकडून ओरडायच्या, “क्या वैनी, गुरुवारको मटन? पाप लगेगा तुमको!” आई इकडून, “या की जेवायला!” त्यांच्या नवऱ्याचं गॅरेज होतं. रमजान सुरू झाला की भाभी स्वतः येऊन सांगून जायच्या, आणि आई त्यांच्या मुलांसाठी ईदीच्या लहान थैल्या करायची. थैलीवर चंद्रकोर हवी असायची. ती वेगळी कापावीही लागायची नाही. पट्टीच्या टोकाला प्रेसचा घाव अर्धवट बसला की चंद्रकोर आपोआप पडलेली असायची.

गुरुवार म्हणजे आमच्या भागातल्या कंपन्यांच्या सुट्टीचा दिवस. वीजही गुरुवारीच जायची. भोंगा नाही, प्रेसची धडधड नाही, पंखा नाही. त्या शांततेत सुईतून ओढला जाणारा दोरा ऐकू यायचा, आणि जाड फेल्टमधून सुई निघताना एक अगदी बारीक ‘टच्’ असा आवाज. तो आवाज मला अजून कुठेही ओळखता येईल. उजेडासाठी आम्ही दारात बसायचो, आई उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून आणि मी तिच्यासमोर. एका गुरुवारी बाबा बाहेरून आले. मी तेव्हा सातवी-आठवीत असेन. त्यांनी माझ्या हातातला अर्धा पोपट पाहिला, चपला काढल्या आणि आत येताना दार लोटून घेतलं. उन्हाळ्याचे दिवस होते. आई म्हणाली, “अहो, उजेड जातोय की.” बाबा म्हणाले, “खिडकी आहे ना.”

एवढंच. त्यांनी मला कधी रागावलं नाही, शिवू नको असं कधी म्हटलं नाही. पिशवीही आणत राहिले. पण त्या दिवसापासून आम्ही खिडकीखाली बसू लागलो आणि दार लोटलेलं राहिलं. ते दार मी नंतर आयुष्यभर लोटत आलो. दोष बाबांना देत नाही. त्यांनी लोटलं ते मला वाचवायला. मी लोटलं ते वेगळ्या कारणासाठी, आणि त्याचीच ही हकीकत आहे.

आधी डाव्या हाताचं सांगायला हवं. मी जन्माचा डावरा. शाळेत बाईंनी पट्टी मारून पेन्सिल उजव्या हातात दिली. जेवताना आणि प्रसाद घेताना आई स्वतःच डाव्या हातावर चापट मारायची. हळूहळू लिहिणं, जेवणं, पाना धरणं, सगळं उजवीकडं गेलं. सुई मात्र राहिली. आई समोर बसून शिकवायची, तिचा उजवा हात माझ्या डाव्या हातासमोर असायचा, आणि मी आरशात बघावं तसं तिचं बघून करायचो. तिच्याही ते लक्षात आलं असणार, पण सुईच्या बाबतीत तिनं चापट मारली नाही. फेल्टच्या कडा जोडायला आम्ही तिरपा टाका घालायचो. उजव्या हाताचा तिरपा टाका एका बाजूला कलतो, डाव्या हाताचा दुसऱ्या बाजूला. आईचा हत्ती आणि माझा हत्ती शेजारी ठेवले तर एकाच शेतातल्या पिकावर दोन दिशांनी वारा आल्यासारखं दिसायचं. बाहेरच्या कोणाला ते कळत नसे. निदान मला तसं वाटायचं.

माझी थोरली बहीण नंदाताई. तिचं आणि सुईचं कधी जमलं नाही. दोरा ओवायला बसली की आधी दोऱ्याशी भांडायची. तिचे हात पोळपाटावर आणि कढईपाशी चालायचे. तिच्या करंजीची कड अशी वळलेली असायची की मी एकदा ती बघून पोपटाच्या शेपटीला तशी मुरड घातली होती. लग्न ठरलं तेव्हा मी आयटीआय करून एका मोठ्या कंपनीत अप्रेंटिस लागलो होतो. स्थळ चाकणकडच्या एका गावातलं. जुनं घर, गावात वजन असलेलं, जमिनीशेजारी कंपन्यांची कुंपणं नुकती पडू लागली होती. आता रुखवत आलं. लाडू, करंज्या, सांडगे, रंगीत कुरडया हे ताईनं आणि आईनं केलं. कलाकुसरीचं सगळं माझ्याकडं. गुरुवार झाला की मी खिडकीखाली. सप्तपदीची पावलं, अंबारीचा हत्ती, तुळशीवृंदावन, पाळणा, आणि सगळ्यात देखणं म्हणजे पोपटांचं तोरण. प्रत्येक पोपट हिरवा, चोच लाल, डोळ्याच्या जागी वॉशरचं भोक आणि भोकामागून पिवळ्या कापडाचा तुकडा दिसेल असा. ताई लाडू वळता वळता म्हणायची, “विज्या, तूच जा माझ्याऐवजी नांदायला. मी तुझ्या कंपनीत प्रेसवर जाते.” आई म्हणायची, “जा म्हणावं. पर तिथं ह्याला भाकरी कोण थापून देईल?” आम्ही तिघं हसायचो. बाबा बाहेर ओट्यावर पेपर वाचत बसलेले असायचे, दाराच्या पलीकडं.

रुखवतासमोर पाटी लागते. पुठ्ठ्यावर जरीकागद लावून ती मीच केली: ‘वधूच्या हातची कलाकुसर’. अक्षर माझं चांगलं होतं. ताईनं ती वाचली आणि तिचं हसणं थांबलं.

“हे का लिहिलंस? मी काय केलंय ह्यात?”

“रुखवत नवरीचंच असतं. सगळ्यांच्या पाटीवर असंच असतं.”

“मग त्यात ‘भावाच्या हातची’ लिही ना. मस्त वाटेल.”

मी अक्षरशः तिच्या पाया पडलो. कंपनीतली पोरं लग्नाला येणार होती. आमच्या बॅचला एक सोलापूरचा मुलगा होता. त्यानं एकदा जेवणाच्या सुट्टीत खिशातून सुई काढून स्वतःच्या पँटची उसवलेली शिवण घातली होती. दुसऱ्या दिवसापासून त्याला सगळे ‘वहिनी’ म्हणू लागले. पाण्याच्या टाकीपासून ते बसपर्यंत, वहिनी. सुपरवायझरसुद्धा म्हणायचा. मीही म्हणायचो, खरं सांगायचं तर पहिल्यांदा मीच म्हणालो होतो. त्याचे टाके चुकत होते आणि मला ते दिसत होतं, म्हणून पकडला जायच्या भीतीनं मी सगळ्यात आधी ओरडलो. हे ताईला मी सांगितलं नाही. फक्त म्हणालो, “नको ना ताई. प्लीज.”

तिनं पाटी भिंतीला टेकवून ठेवली. मग म्हणाली, “ठीक आहे, राहू दे पाटी. मी होऊन कोणाला सांगणार नाही. पण कोणी विचारलंच तर खोटं नाही बोलायची मी. नांदायला चाललेय, पहिल्याच दिवशी खोटं नको.”

मी म्हणालो, “कोण विचारतंय?”

कार्यालय चाकणला होतं. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, आणि मुलाकडच्या बायका रुखवत बघायला आल्या. कंपनीतली आमची पोरं माझ्या पाठीमागं आईस्क्रीमचे कप घेऊन उभी होती. ताईच्या सासूबाई सगळ्यांत पुढं होत्या. नऊवारी, कपाळावर आडवं ठसठशीत कुंकू, हातांची बोटं जाड आणि टोकाशी टोचून टोचून खरखरीत झालेली. त्या गोधड्या शिवायच्या. त्यांच्या हातची गोधडी घ्यायला लांबून लोक यायचे हे आम्हाला बैठकीत सांगितलं होतं, पण त्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला नव्हता. त्यांनी लाडवांकडं पाहिलंही नाही. थेट तोरणापाशी गेल्या, एक पोपट उलटा केला आणि कडेवरून अंगठा फिरवला.

“सूनबाई,” त्या म्हणाल्या, “तुमी डावऱ्या हाय का?”

ताई शेजारीच उभी होती, मुंडावळ्या बाजूला सारून. “नाही आई,” ती म्हणाली.

“मग हे टाकं डाव्या हाताचं हायत. सगळंच्या सगळं.” त्यांनी हत्तीही उलटा केला. “हात लई ग्वाड हाय. कुणाचा हाय?”

त्यांच्या आवाजात पकडल्याचा आनंद नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. चांगलं काम केलेला माणूस बघावासा वाटतो, तसं. आज मला हे कळतं. ताईला ते त्याच क्षणी कळलं होतं, कारण तिचा चेहरा उजळला. तिनं माझ्याकडं वळून पाहिलं, हसली, आणि हात माझ्या दिशेनं अर्धा उचलून म्हणाली, “आई, हे सगळं आमच्या—”

“विकत आणलंय,” मी म्हणालो. “विकतचंय, मावशी. रविवार पेठेतनं. वेळ नव्हता ना, म्हणून.”

मागं पोरांतला एक जण म्हणाला, “काय राव, भारी माल मिळतो की पेठेत.” बाकीचे आईस्क्रीम खात राहिले. त्यांचं लक्षच नव्हतं. ज्यांच्या भीतीनं मी बोललो त्यांनी ते धड ऐकलंही नाही.

सासूबाईंची नजर पोपटावरून पाटीवर गेली. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी शेजारच्या मुलीला विचारलं, “काय ल्हिलंय गं?” ती मुलगी मोठ्यानं वाचत सुटली: वधूच्या हातची कलाकुसर. माझं सुंदर अक्षर, एकेक काना, एकेक वेलांटी. मग त्या ताईकडं वळल्या. “विकतचं हाय?”

ताईचा हात अजून अर्धा वर होता. तो तिनं खाली घेतला आणि शालूची घडी नीट केली. “हो आई,” ती म्हणाली. “विकतचंच आहे.”

खोटं बोलणार नाही म्हणालेली माझी बहीण पहिल्याच दिवशी माझ्यासाठी खोटं बोलली. पलीकडं आई हळदीकुंकवाची कोयरी घेऊन उभी होती. ती वाकली आणि सरळच असलेला अंबारीचा हत्ती सरळ करू लागली.

“विकत आणलं म्हणून काय बिघडत न्हाई,” सासूबाई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या, फक्त त्यांचा आवाज थोडा लांब गेला होता. “आमाला काय रुखवत घालून घ्यायचंय व्हय? पर पोरी, खोटं कशाला?”

ही गोष्ट एवढ्यावर संपली असती तर मी ती कधीच विसरलो असतो. पण ताईच्या सासरी त्या एका शब्दानं घर केलं. पहिल्या दिवाळीला ती माहेरी आली तेव्हा हसत हसत सांगत होती. तिनं बेसनाचे लाडू केले की जाऊ विचारते, “विकतचे न्हाईत ना?” तोरण लावायला निघाली की दीर म्हणतो, “वहिनी, पेठेतनं आणू का?” दूध उतू गेलं नाही, मांजरानं सांडलं, असं ती म्हणाली की सासूबाई तिच्याकडं नुसतं बघतात. “व्हय का?” एवढंच म्हणतात. “खरं ना?” मारहाण नाही, उपाशी ठेवणं नाही, दाजी सज्जन माणूस. फक्त त्या घरात तिचा शब्द एकदा घासून बघितल्याशिवाय कोणी घेत नसे. ताई हे सगळं नकला करून सांगायची. तिला नकला छान यायच्या. आई हसत नव्हती. मी हसायचो.

त्याच दिवाळीत तिनं आईला म्हटलं, “मला शिकव. तिरपा टाका, धावदोरा, सगळं.” आईनं श्रीखंडाच्या जुन्या डब्यातले सुई-दोरे काढले आणि दोघी खिडकीखाली बसल्या. मी त्याच खोलीत पेपर घेऊन होतो. ताईच्या बोटात सुई शिरायची, ती ‘आई गं’ म्हणायची, बोट चोखायची, पुन्हा धरायची. आई समोर बसून दाखवायची आणि ताईला ते उलटं दिसायचं, म्हणून चुकत होतं. शेजारी बसून शिकवायला हवं होतं. मला ते स्वच्छ कळत होतं. मी उठून एवढंच म्हणायचं होतं की आई, तिच्या शेजारी बस. मी पेपरचं पान उलटलं. मधेच आईनं माझ्याकडं पाहिलं. मग स्वतःच उठून ताईच्या शेजारी जाऊन बसली. ताई गेल्यावर तो डबा तिनं माळ्यावर टाकला आणि मला म्हणाली, “तुला लागायचा नाई आता.” त्यानंतर तिनं माझ्याशी शिवणाचा विषय काढला नाही. ती गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. बाबा तिच्या आधी गेले.

ताई मात्र शिकली. वर्षानुवर्षं, चिकाटीनं, त्या सासूशेजारी बसून गोधड्यांना टाके घालत शिकली. लोक म्हणतात सासू-सुनेचं आता छान जमतं. जमतंही. पण ‘विकतचं न्हाई ना’ हे त्या घरात अजून म्हणतात. नवीन आलेल्या सुनासुद्धा म्हणतात, कुठून आलं ते माहीत नसताना.

यंदा भाचीचं लग्न ठरलं. आता रुखवत कोणी करत नाही. मांडून देणारे असतात, दिवे सोडून, फिरतं टेबल लावून, भाड्यानं. ताईनं तेच ठरवलं होतं. पण एके दिवशी तिचा फोन आला. “विजू, एक मागू? पोपटांचं तोरण करून देशील? तसंच.” मी फोन घेऊन गॅलरीत आलो. ती म्हणाली, “कोणी केलं ते नको सांगू बाबा. मी पण नाही सांगणार. मला ते फक्त पोरीच्या मांडवात हवंय.”

थेरगावच्या त्या दोन खोल्या अजून आमच्याकडं आहेत, कुलूप लावलेल्या. बायकोला म्हणालो, पत्रा गळतोय, बघून येतो. एका गुरुवारी गेलो. स्टेशनरीच्या दुकानात आता फेल्टचे रंगीत कागदासारखे पातळ तुकडे मिळतात, त्यांना कसलाच वास नसतो. माळ्यावरून डबा काढला. सुया गंजल्या होत्या, नवीन नेल्या होत्या. आणि सुई हातात घेण्याआधी मी उठून दार लोटून घेतलं. रस्त्यावर ओळखीचं कोणी नव्हतं. रुक्साना भाभींचं कुटुंब केव्हाच दुसरीकडं गेलंय. तरी लोटलं. मग खिडकीखाली बसलो आणि हात जसा काही कालच थांबला होता तसा चालू लागला. पोपट होत गेले. प्रत्येकाला डोळ्याचं भोक मुद्दाम कापावं लागलं.

लग्नात तोरण रुखवताच्या टेबलावर, त्या फिरत्या दिव्यांच्या वर लावलं होतं. सासूबाई आता खूप थकल्यात, डोळ्यांना कमी दिसतं. त्यांना खुर्चीवर बसवून तिथं आणलं. शेजारी ताई होती, माझी बायको होती. पाठीमागं या वेळी कोणीही नव्हतं. त्यांनी हात वर केला, पोपट हाताला लागला, अंगठा कडेवरून फिरला आणि थांबला. मग पुन्हा फिरला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

“ह्यो एक सुटलाय बगा,” त्या म्हणाल्या. खरंच एका पोपटाची लोंबती कडी उसवली होती. की त्यांनी उसवली होती, मला माहीत नाही. त्यांनी पदराच्या आतल्या बाजूला टोचून ठेवलेली, दोरा ओवलेली सुई काढली. गोधडी शिवणाऱ्या बायका अजून तशी ठेवतात. ती सुई त्यांनी ताईकडं दिली नाही, माझ्या बायकोकडं दिली नाही. माझ्यापुढं धरली.

“विजयराव, तुमी घाला जरा टाका. माझं डोळं न्हाई लागत.”

ताई माझ्याकडं बघत होती. तिनं काही खूण केली नाही. ती फक्त थांबली होती, त्या दिवशी हात अर्धा उचलून थांबली होती तशी. बायको हसून म्हणाली, “अहो मावशी, ह्यांना कुठलं येतंय? ह्यांचं बटणसुद्धा टेलर लावतो.”

मी सुई उजव्या हातात घेतली.

जाणूनबुजून घेतली. डावा हात पुढं येत होता तो मी मांडीजवळ दाबून धरला. एकट्या उजव्या हातानं कापड धरता येईना, सुई वाकडी गेली, बोटात शिरली. बायको म्हणाली, “बघा, मी म्हटलं नव्हतं?” सासूबाई माझ्या हाताकडं बघत होत्या. त्यांना किती दिसत होतं देव जाणे. पण त्या हाताकडं बघत होत्या, माझ्या तोंडाकडं नाही.

“बरं,” त्या म्हणाल्या. “ऱ्हाऊ द्या. नंदा, तू घे.”

ताईनं माझ्या बोटांतून सुई काढून घेतली, माझ्याकडं न बघता, आणि एक टाका घातला. सरळ, नेटका, उजव्या हाताचा. माझ्या सगळ्या टाक्यांमध्ये तो एकच उलट्या बाजूला कललेला आहे. तोरण आता भाचीच्या घरी तिच्या दारावर आहे, मी गेलो की मला तो टाका आधी दिसतो.

ताईचं माझ्याकडं एक वाक्य राहिलं आहे. ते तिच्या सासूबाईंसमोर, त्या घरात, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायचं आहे: मावशी, ते विकतचं नव्हतं, माझ्या हातचं होतं, ताई खोटं बोलली ती माझ्यामुळं. सासूबाई अजून आहेत. इथून चाकण लांब नाही. हे प्रकरण मी लिहिलं, पण त्यांना वाचता येत नाही, त्यामुळे लिहिण्यानं ते फिटत नाही.